चादरी कसल्या वाटता? मोळी सोडा!



पौष अवसेच्या आगेमागे जी थंडी पडली तशी फार वर्षांत पाहिली नव्हती, असं म्हातारी माणसं पाड्यापाड्यावरून सांगतात. पेठ-सुरगाण्याकडच्या सखल शेतांत, ओहळाच्या कडेला, पहाटे गवत पांढरं झालेलं दिसलं. दहिवर आपल्याला नवं नाही. पण यंदा दहिवर गोठलं, पायाखाली मिठासारखं कुरकुरलं. अंगणातल्या हंड्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. पोरांनी तो चघळला आणि हसली. मोठी माणसं हसली नाहीत, कारण त्यांनी शेत पाहिलं होतं.

आपण पावसाची आणि उन्हाची माणसं. चार महिने धो धो पाऊस अंगावर घेतो, वैशाखात अनवाणी पाण्याला जातो. आपलं घर, आपलं पीक, आपली कापडं सगळी त्या बेताची. अशा मुलखात आठ दिवस गोठवणारी थंडी आली की ती नुसती थंडी राहत नाही. कोणाकडे काय आहे आणि कोणाकडून काय काढून घेतलंय, ते ती उघडं पाडते.

पेपरात निफाडचा पारा रोज छापून आला. निफाडला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, तिथे पारा मोजायचं साधन आहे. आपल्या पाड्यावर पारा मोजायला कोणी आलं नाही. आलं असतं तर आधी त्यालाच शेकोटीला बसवावं लागलं असतं.

मग तालुक्याच्या गावी चादरवाटप झालं. मांडव, हारतुरे, माइक. बाया-माणसांना सकाळी नऊला बोलावलं, पाहुणे बाराला आले, तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. चादर मिळाली त्यांनी घेतली, बरं केलं. चादर परत करा असं आम्ही म्हणत नाही. गारठलेल्या म्हातारीला भाषण देण्याइतके आम्ही शहाणे झालेलो नाही. पण वाटणाऱ्यांना एक विचारायचं आहे. ज्या म्हातारीच्या अंगावर तुम्ही फोटोसाठी चादर टाकली, तिच्या डोक्यावरची मोळी मागच्याच महिन्यात नाक्यावर उतरवून घेतली, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

आदिवासी थंडीने मरतो कारण त्याच्याकडे चादर नाही, असं या लोकांना वाटतं. आपल्या आजा-पणजाकडे कुठे चादर होती? गोधडी होती, तीही सगळ्यांना पुरत नव्हती. तरी त्यांनी हिवाळे काढले. कसे काढले ते आपल्याला माहीत आहे, पण पोरांसाठी आणि हे पत्रक साहेबांच्या हातात पडलं तर त्यांच्यासाठीही, लिहून ठेवतो.

घर कुडाचं. कारवीच्या काठ्या दाट बांधायच्या, वरून माती आणि शेण दोन्ही बाजूंनी लिंपायचं. दर साल दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला भेगा बुजवायच्या, म्हणजे वारा आत येत नाही. वर गवताचं किंवा पेंढ्याचं जाड छप्पर. चूल आत. रात्री एक जाड ओंडका चुलीत सारून ठेवायचा, तो पहाटेपर्यंत धुमसत राहतो आणि त्याची ऊब कुडाला धरते. लाकूडसुद्धा कुठलंही चालत नाही. सावर भडकते पण निखारा धरत नाही. धावडा चांगला, ऐन चांगला, त्यांचा निखारा राखेखाली झाकला तर सकाळी फुंकर मारली की पुन्हा लाल. शेळ्या-कोंबड्या आत घ्यायच्या, त्यांची ऊब आपल्याला, आपली त्यांना. खाली भाताचा पेंढा जाड पसरायचा, वर गोधडी. शहरातल्या माणसाला वाटतं थंडी वरून येते. निजणाऱ्याला विचारा, ती खालून येते. पोटात नागलीची भाकर, कुळथाचं गरम पाणी. पायाच्या भेगांना मोहट्याचं तेल. अंगणात सामाईक शेकोटी, म्हातारी माणसं आणि पोरं तिच्याभोवती, म्हणजे एका लाकडात चार घरांचं शेकणं होतं.

आता यातली एकेक वस्तू घ्या आणि ती कुठून येते ते बघा. कारवी जंगलातली. छपराचं गवत जंगलातलं. ओंडका जंगलातला. मोहटी जंगलातली. नागली आणि कुळीथ त्या जमिनीतले जिला सरकार ‘अतिक्रमण’ म्हणतं. थंडीवरचा आपला सगळा इलाज जंगलात आणि जमिनीत आहे, आणि नेमकं तेच दोन्ही आपलं नाही असं कागद सांगतो. चादर तेवढी बाहेरून येते. म्हणून तिचं वाटप होतं.

लाकडाचं बघू. १९२७ चा इंग्रजांचा वन कायदा अजून चालू आहे. त्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलात शिरणं, लाकूड नेणं, विस्तव पेटवणं किंवा नुसता घेऊन जाणं, हे सगळं गुन्ह्यात बसतं. कलमाचं पुस्तक गार्डाच्या खिशात नसतं, पण कलम त्याच्या जिभेवर असतं. आपल्या बाया वाळलेला फाटा मोडून मोळी बांधतात, दोन-तीन तास डोक्यावर वाहतात. नाक्यावर मोळी उतरवायची, कोयता ठेवून घ्यायचा. कोयत्याचे पैसे द्यायचे की दंडाचे? पावती मागितली तर दंड वाढतो. पावती नको म्हटलं तर कमी होतो. असला हिशेब जगात कुठल्या दुकानात चालत नाही.

आणि त्याच आठवड्यात दिंडोरी-निफाडकडे काय चाललं होतं? तिकडे द्राक्षबागा आहेत. थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात. तिथे कृषी खात्याचा सल्ला असतो: रात्री बागेत जागोजाग शेकोट्या पेटवा, काडीकचरा जाळून धूर करा, पहाटे बागेला पाणी द्या. सल्ला बरोबर आहे. धुराने वर एक पांघरूण धरतं, पाण्याने जमिनीची ऊब टिकते. बागवाल्याशी आपलं भांडण नाही. त्याचंही नुकसान झालं, आणि मणी तडकला की तोडणीला गेलेल्या आपल्याच पोरांची मजुरी बुडते. पण ध्यानात घ्या. द्राक्ष गारठू नये म्हणून शेकोटी पेटवली तर तो सल्ला. माणूस गारठू नये म्हणून पेटवली तर तो गुन्हा.

‘तुम्ही सरपण आणता म्हणून जंगल संपलं,’ असं आपल्याला शाळेपासून शिकवतात. डोक्यावरच्या मोळीने जंगल संपत असतं तर इंग्रज येण्याआधीच संपलं असतं, कारण मोळ्या तेव्हाही होत्या. इंग्रजांनी रेल्वेच्या पट्ट्यांखाली घालायला आणि जहाजं बांधायला डोंगर उघडे केले. १८६४ साली वन खातं काढलं आणि १८७८ च्या कायद्याने जंगल आपल्या नावावर करून घेतलं. स्वातंत्र्य आलं, कूप तोडायचं थांबलं नाही. आपल्यातल्याच किती जणांनी कुपात मजुरीने झाडं पाडली आहेत. ट्रक भरून लाकूड डेपोत गेलं, डेपोतून लिलावात गेलं. त्या ट्रकला कोणी चोर म्हटलं नाही. ट्रक गेल्यावर मागे जो फाटा उरला तो उचलणारी बाई चोर.

घराचंही तेच. २००२ च्या मे महिन्यात दिल्लीहून हुकूम निघाला की जंगलातली सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाका. त्या हुकमाच्या जोरावर देशभर आदिवासींची घरं पाडली, पिकं तुडवली. त्याआधीही पाडत होते, त्यानंतरही धमक्या चालू राहिल्या. ज्याला उद्या घर राहील की नाही ठाऊक नाही, तो दर साल कूड लिंपेल कशाला? तो चार काठ्या उभ्या करतो, वर प्लास्टिकचा कागद टाकतो आणि दिवस काढतो. प्लास्टिकच्या कागदाखाली या आठ दिवसांत पोरं कशी निजली, ते त्यांच्या आया सांगतील. घर कच्चं आहे म्हणून आम्हाला मागास म्हणणाऱ्यांनी आधी ते पक्कं बांधू दिलं असतं का, याचं उत्तर द्यावं.

आता पिकाचं. हे जरा सावकाश वाचा, कारण पुढची लढाई यावर आहे.

ही थंडी सगळीकडे सारखी बसली नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली येते आणि सखल जागी साचते. म्हणून उतारावरचा मसूर बऱ्याच ठिकाणी वाचला आणि ओहळाकडचा हरभरा गेला. हरभरा नेमका फुलात आणि कोवळ्या घाट्यात होता. फुलातलं पाणी गोठलं, ऊन वर येताच फूल काळं पडलं आणि गळालं. झाड उभं दिसतं. लांबून पाहणारा म्हणतो, पीक तर आहे की. आत दाणा नाही. आंब्याच्या मोहोराचं काय झालं ते अजून आठ-पंधरा दिवसांनी कळेल.

तलाठ्याकडे गेलेल्यांना दोन उत्तरं मिळाली. पहिलं: थंडी ही नैसर्गिक आपत्ती नाही, तिचा पंचनामा होत नाही. हे तलाठ्याने मनाचं सांगितलेलं नाही. आपत्तीला मदत देण्याची केंद्र सरकारची यादी आहे. तिच्यात वादळ आहे, दुष्काळ आहे, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, बर्फाचा कडा कोसळणं, ढगफुटी आणि किडीचा हल्ला आहे. २००८ साली तिच्यात बर्फाचा कडा होता, थंडी नव्हती! म्हणजे आपल्या अंगावर हिमालय कोसळला तर मदत होती, हिमालयाकडचा वारा आला तर नव्हती. यादी करणाऱ्याने कधी उघड्यावर रात्र काढलेली नसावी. थंडी आणि गोठलेलं दहिवर या यादीत आलं पाहिजे, ही मागणी एकट्या आदिवासीची नव्हती. द्राक्षवाला, गहूवाला, हरभरावाला सगळे या मागणीत आपल्याबरोबर उभे राहू शकत होते.

पण दुसरं उत्तर फक्त आपल्यासाठी होतं. ‘सातबाऱ्यावर तुझं नाव कुठंय?’ थंडी यादीत आली, गारपिटीसारखा पंचनामा सुरू झाला, तरी पंचनामा सातबारा बघून होणार. आजा कसत होता, बाप कसत होता, आपण कसतो. सातबाऱ्यावर नाव जंगलाचं. म्हणजे हरभरा जंगलाचा गेला! जंगलाला भरपाई नको, आणि आपल्याला ती मिळत नाही. बँकेचं कर्ज नाही, पीक विमा नाही, विहीर नाही. आणि विहीर नाही म्हणून संध्याकाळी पिकाला पाणी देऊन ते वाचवायचं हा जो सगळ्यात साधा उपाय, तोही नाही. एका कागदाच्या नसण्याने गोठलेल्या रात्रीत आपले हात किती ठिकाणी बांधले गेले, ते मोजा.

आश्रमशाळांबद्दल थोडंच लिहितो, कारण पुढच्या अंकात त्यावर वेगळं यायचं आहे. पोरं फरशीवर निजतात. पेंढा आत आणला तर शाळा घाण होते म्हणतात. पहाटे गार पाण्याने आंघोळ. पाणी तापवायचा बंब असला तर लाकूड नाही, लाकूड आणायला पोरांना पाठवलं तर गार्ड अडवतो. दोन सरकारी खात्यांच्या मध्ये पोर कुडकुडतंय. आईबापांनो, या आठवड्यात शाळेवर जाऊन या. पोरांच्या अंथरुणाला हात लावून बघा. नुसतं पांघरूण पाहून परत येऊ नका.

आणि जे गावात नाहीतच त्यांचं काय? दिवाळीनंतर अर्धे पाडे रिकामे होतात. कोणी बागेवर, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर. उसाच्या फडाकडेची कोपी म्हणजे पाचटाचा आडोसा. मालकाला वेळेवर ऊस पाहिजे, तो पहाटे चारला उठवतो, ओल्या पाचटात हात घालायला लावतो. रेशनकार्ड गावात, रॉकेल गावात, चादरवाटपही गावात. हे लोक हौसेने गेलेले नाहीत. गावातल्या जमिनीचा कागद असता, तिच्यात पाणी आलं असतं, तर हरभरा निघेपर्यंत माणूस घरात राहिला असता आणि थंडीत आपल्या चुलीशी निजला असता.

म्हणून या थंडीचा आणि एका कायद्याचा संबंध आहे. वन हक्काचा कायदा २००६ च्या डिसेंबरात संसदेत पास झाला. वर्षभर तो नुसता ठेवून दिला. शेवटी त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला निघाले, म्हणजे थंडीच्या महिनाभर आधी. आपल्याकडच्या कचेऱ्यांत तेव्हा ‘आमच्याकडे काही आलं नाही’ असं सांगत होते. येईल तेव्हा येईल. आपण सुरुवात करायची आहे.

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलाची जमीन स्वतः कसतो किंवा तिच्यावर राहतो, त्याला ती मिळाली पाहिजे, चार हेक्टरच्या आत. नाव नवरा-बायको दोघांचं लागणार. हे बायांनी ध्यानात ठेवावं, नवऱ्याला विसरायला होतं. दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर कोणाला जमिनीवरून काढता येणार नाही, असं चौथ्या कलमात स्पष्ट आहे. गार्ड आला तर भांडू नका, कलम सांगा.

मोळीचंही आहे. गौण वनोपजावर गावाची मालकी, असं हा कायदा म्हणतो. त्यात बांबू आहे, झुडपी फाटा आहे, झाडांचे खुंट आहेत, मध, डिंक, पानं, कंदमुळं आहेत. निस्तारीचा जुना हक्कही मान्य केला आहे. २००८ ला निघालेल्या नियमांत तर वनोपज डोक्यावरून, सायकलवर, हातगाडीवर नेण्याचं लिहिलेलं होतं. ट्रक लिहिलेला नव्हता, तो आपल्याला नकोच आहे. पण हे सगळं सामूहिक दावा केल्यावर. एकट्या जमिनीचा दावा टाकून घरी बसाल तर हरभऱ्याचं शेत मिळेल आणि चुलीतला ओंडका गुन्ह्यातच राहील. जमिनीचा दावा घरागणिक आणि जंगलाचा दावा गावाचा, दोन्ही एकदम टाकायचे.

ग्रामसभेने दहा ते पंधरा जणांची वन हक्क समिती निवडायची. तिच्यात निदान एकतृतीयांश बाया हव्यात. ग्रामसभेला २०१२ पर्यंत दोनतृतीयांश माणसं हजर लागत असत; स्थलांतराला गेलेल्यांना निरोप धाडा. ग्रामसभेने दावे मागवले की त्या दिवसापासून तीन महिने मिळतात. दाव्याला निदान दोन पुरावे जोडायचे. मतदार यादी, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती चालते. बांध, सपाटीकरण, जुनं घर, असं जागेवर दिसणारं काम चालतं. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं. यंदाच्या थंडीत आपली कितीतरी म्हातारी माणसं खोकल्याने अंथरुणाला खिळली आहेत. त्यांचं म्हणणं या पंधरवड्यात लिहून घ्या, अंगठा घ्या. कोणत्या सालापासून कोण कोणती जमीन कसतो, ते त्यांच्याइतकं कोणत्याही दप्तराला ठाऊक नाही.

आणि दंडाच्या पावत्या! शेत नांगरलं म्हणून, राब जाळला म्हणून, गुरं चारली म्हणून ज्यांना कधीकाळी दंड झाला त्यांनी पेटीत, आढ्याला, बांबूच्या नळकांड्यात ठेवलेल्या पावत्या शोधा. त्या सालात आपण त्या जमिनीवर होतो, हे खात्यानेच सही करून लिहून दिलेलं आहे. ज्यांनी विनापावती दंड घेतले त्यांनी आपलं दुहेरी नुकसान केलं, हे आता कळेल. उंदरांनी पावती कुरतडली असेल तरी टाकू नका. उरलेला तुकडा घेऊन या.

थंडीच्या नुकसानीची यादी वेगळी करायची आहे. प्रत्येक पाड्यावर एका शिकलेल्या पोराने वही घ्यावी. कोणाच्या किती जमिनीतला हरभरा, मसूर, वाल गेला, ती जमीन सातबाऱ्याची की जंगलाची, किती शेळ्या-वासरं मेली, कोण म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर या आठ दिवसांत गेलं, दिवाळीपासून कोणाकोणाची मोळी, कोयता, कुऱ्हाड उतरवून घेतली आणि पावती दिली का, हे सगळं एका वहीत. काळा पडलेला हरभरा मुळासकट उपटून सावलीत वाळवून ठेवा. शेत नांगरलं की पुरावा गेला.

वही आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन तहसील कचेरीवर जायचं आहे. तारीख पाड्यावरच्या बैठकीत सांगू. येताना घरटी एक मोळी डोक्यावर आणायची, वाळलेल्या फाट्याची, ओलं एक लाकूड तिच्यात नको. नाक्यावर अडवलं तर सगळ्यांनी तिथेच बसायचं आणि प्रत्येक मोळीची वेगळी, सहीशिक्क्याची पावती मागायची. रात्र झाली तर जवळ मोळ्या आहेतच. भाकरी दोन वेळच्या आणाव्यात, आणि ज्यांना वाटपात चादर मिळाली आहे त्यांनी ती सोबत घ्यावी.